बाळंतिणीची खोली आणि उंबऱ्याबाहेरचा नवरा

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी पहिल्या सत्रात आम्ही मराठीच्या विद्यार्थ्यांना एक वही करावयास सांगतो. आजी, आत्या, शेजारची एखादी म्हातारी, जिला जात्यावरच्या ओव्या अजून आठवतात अशा कुणाकडेही जावे, ऐकावे आणि जसे ऐकले तसे, शब्द न सुधारता, लिहून आणावे. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ अशा तिन्ही खोऱ्यांतून मुले येतात; वह्याही तशाच येतात, कुणाची दहा ओव्यांत संपते, कुणाची शंभरावर जाते. मागे एका वर्षी पवन मावळातल्या एका मुलीने बाळंतपणाच्या ओव्यांची वेगळी वही केली. वही चांगली होती. तीत आई होती, सुईण होती, पाळणा घेऊन येणारा भाऊ होता, सटवाई होती, सुंठ-गुळाचा वास होता. वही परत देताना तिने विचारले, ‘ह्यात नवरा कुठं आहे?’

आम्ही दोघे, एक पुरुष आणि एक स्त्री, हा लेख लिहीत आहोत. त्या प्रश्नावर आमच्यापैकी एक हसली आणि एक गप्प बसला. गप्प बसण्याचे कारण पुढे येईल.

मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या ओव्या हा आता अभ्यासकांना परिचित असा ठेवा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या वतीने अनेक वर्षे खपून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ध्वनिमुद्रणासह वाचता-ऐकता येतात. त्या ओव्यांत भावाचे कौतुक किती आहे हे ज्याने थोड्या जरी ऐकल्या असतील त्यास सांगावयास नको. लेकाचे आहे, आईचे तर आहेच. नवऱ्याविषयीही ओव्या आहेत, नाहीत असे नाही; पण आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून बाळंतपणाचा विषय आला की तो अदृश्य होतो. ही अनुपस्थिती योगायोगाची नाही. ती एका खोलीच्या रचनेतून आली आहे, आणि प्रसूतीनंतर स्त्रीच्या मनावर जे मळभ येते त्याविषयी आपल्याकडील पुरुषाची समज काय होती व आहे, हे पाहावयाचे तर त्या खोलीपासूनच आरंभ करावा लागतो.

पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला आणावयाची. खोली शक्यतो आतली, वारा न लागणारी, म्हणून अंधारी. बाजेखाली शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, डोक्याला फडके, कानांत कापूस. दहा दिवस सोयर. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा, कारण ती येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहून जाते. हीच सटवाई बाळाला राखतेही आणि नेतेही. तिची भीती आणि भक्ती वेगळी काढता येत नाही. (दा. ध. कोसंबी यांनी मावळातील लेण्यांच्या आसपासची देवीस्थाने पायी हिंडून पाहिली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त त्यांचा अर्थ लावला. कार्ल्याच्या एकवीरेला जाणाऱ्या वाचकाने ते प्रकरण जरूर वाचावे.) सव्वा महिना झाला की न्हाऊनमाखून बाळंतीण बाहेर. सुश्रुताने सूतिकेचा काळ दीड महिन्याचा मानला आहे. म्हणजे शास्त्राचा हिशेब आणि घरातल्या म्हातारीचा हिशेब आठवडाभराच्या फरकाने जुळतो.

या सगळ्यात नवरा नाही. तो दुसऱ्या गावी आहे. बारशाला येईल, टोपरे-कडदोरा आणील, ओसरीवर जेवेल, बाळाचे तोंड पाहील आणि जाईल. गावातच सासर असले तरी विटाळाच्या दिवसांत त्याने त्या खोलीचा उंबरा ओलांडावयाचा नाही. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जातवार जन्मविधींची वर्णने पानोपानी आहेत. त्या वर्णनांतली बाळंतीण न्हाऊ घातले जाणारे आणि पथ्याचे खाणारे एक शरीर आहे. तिला काय वाटत होते हे लिहिणे त्या ग्रंथाचे कामच नव्हते. आणि लिहावयाचे ठरवले असते तरी माहिती देणारे पुरुष आणि घेणारेही पुरुष असता ती मिळाली असती असे वाटत नाही.

त्या खोलीला सरसकट दोष देण्यास आमच्यातली स्त्री तयार नाही. त्या सव्वा महिन्यात बाईला पाणी ओढावे लागत नसे, दळावे लागत नसे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी तिचे अंग रगडीत असे. रात्री बाळ रडले तर उचलणारे चार हात असत. रडू आले तर ‘पहिल्या खेपेला असंच होतं बाई’ म्हणणारी, स्वतः त्यातून गेलेली, एखादी मावशी असे. हे थोडे नाही. मात्र त्या खोलीत जे कळे ते उंबऱ्याबाहेर जात नसे, हेही खरे.

आता भाषेकडे वळू. ‘प्रसूतिपश्चात नैराश्य’ हा शब्द अलीकडचा, भाषांतराचा वास असलेला. पण अनुभव अलीकडचा नाही, आणि त्याला शब्द नव्हते असेही नाही. ‘हिचं मन कशात नाही’, ‘पोटचं पोर हातात घेत नाही’, ‘वात झालाय’, ‘बाळंतरोगानं धरलं’, ‘लागीर झालंय’. या शब्दांत एक चढती भाजणी दिसते. पहिल्या चार-आठ दिवसांतले अकारण रडू बहुतेक बायकांना येते आणि आपोआप ओसरते. नैराश्य त्याहून वेगळे. ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने राहते. झोप, भूक, बाळाविषयीची ओढ आणि जगण्याची इच्छा या सर्वांना ग्रासते. आणि हजारात एखाद-दुसरीला होणारा तिसरा प्रकार म्हणजे भ्रम, भास, उन्माद. तेथे तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. ‘लागीर’ या शब्दाखाली मागच्या पिढ्यांत यातल्या किती जणी गेल्या असतील, सांगता येणार नाही. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते, अळवंत होते, ही समजूत तर साऱ्या मुलुखात होती. ओल्या बाळंतिणीला धरावयास तीच येते, असे मानीत. मेलेली बाळंतीण जिवंत बाळंतिणीला झपाटते या कल्पनेत केवढे दुःख साठवले आहे, ते लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी अजून नीट मोजलेले नाही असे आम्हांस वाटते.

नवऱ्याच्या बाजूने पाहू जाता या जुन्या समजुतींत एक गोष्ट लक्षात येते. वात म्हटला की वैद्य आणावयाचा. बाधा म्हटली की देवऋषी गाठावयाचा, कोंबडे आणावयाचे, नवस बोलावयाचा. दोन्हींत पुरुषाला काही तरी करावयाचे होते. शिवाय दोन्हींत दोष बाईच्या बाहेरचा होता. तिचा स्वभाव, तिचे माहेर, तिचे शिक्षण यांकडे बोट जात नव्हते. देवऋष्याने तिला मारहाण केली, मिरचीची धुरी दिली, उपाशी ठेवले, हे सर्व झाले आणि त्याचे समर्थन कुणी करू नये. परंतु सुशिक्षित घरांतून भूत गेले तेव्हा त्याच्या जागी रोगाची समज आली नाही. रिकाम्या जागेवर बाईच बसली. ‘ढोंग करते’, ‘माहेरच्यांनी फूस लावली’, ‘आमच्या आईनं सहा काढली, तिला नाही असलं काही झालं’. ही तिसरी भाषा आधुनिक आहे, आणि आमच्या मते तिन्हींत सर्वांत निर्दय आहे. यात नवऱ्याला करण्यासारखे काहीच उरत नाही, रागावण्याखेरीज.

साहित्याने या भाषेला हातभार लावला नाही असे म्हणवत नाही. यशवंतांची ‘आई’, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ हे आपल्या मातृप्रतिमेचे आधारखांब आहेत. दोन्ही लेकराच्या नजरेतून लिहिलेली आहेत, आणि लेकराच्या नजरेला आई थकलेली दिसते, गरीब दिसते, रागावलेली दिसते. पण आपल्याकडे पाहून तिच्या मनात काहीच न उमटणे लेकराला दिसणे शक्य नाही. ते दिसण्याच्या जागी एकच माणूस उभा असू शकतो, तो म्हणजे नवरा. आणि त्याने लिहिलेले, निदान आम्हांस वर्गात शिकवण्याजोगे, फारसे काही हाती लागत नाही.

मावळाच्या बाबतीत या अनुपस्थितीला आणखी एक कारण आहे, ते आगगाडीचे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई एका दिवसाच्या आत आली. पावसाळ्यातले भाताचे एक पीक, बाकीचे वर्ष रिकामे. मावळातला पुरुष मुंबईस जाऊ लागला. गोदीत, गिरणीत, माथाडी कामावर, आणि विशेषतः डबे पोचविण्याच्या धंद्यात. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी या धंद्याला संघटित रूप दिले असे सांगतात. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर हे तालुके आजही डबेवाल्यांचे तालुके आहेत. दुसऱ्याच्या बायकोने केलेली भाजी-भाकरी दुसऱ्याच्या नवऱ्यास वेळेवर पोचविणारा हा माणूस स्वतःच्या घरी वर्षातून दोनदा येई, जत्रेला आणि लावणीला. त्याला मूल झाल्याची बातमी गावच्या कुणा माणसाकडून किंवा पोस्टकार्डाने कळे. बायकोने पत्र लिहावे तर ती निरक्षर. मास्तरांकडून लिहवून घ्यावे तर मास्तरांस काय सांगणार? ‘मूल व बाळंतीण सुखरूप’ हे वाक्य हजारो पोस्टकार्डांवर लिहिले गेले असेल. त्यातल्या किती बाळंतिणी खरोखर सुखरूप होत्या, हा प्रश्न त्या नवऱ्यांना पडण्याचे कारणच नव्हते. निष्काळजीपणा हा शब्द येथे पुरेसा नाही. त्यांच्यापर्यंत पोचणारे शब्दच तेवढे होते.

याच लोहमार्गाने घाट उतरून गेले की कल्याण. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई, यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. नाटक झाले, चित्रपट झाला. जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा झाला, दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, अशी ही कथा सहसा सांगितली जाते. दुःख आणि निश्चय यांच्यामधले महिने मात्र कुणी सांगत नाही. आनंदीबाईंना नैराश्य झाले होते असे विधान आम्ही करीत नाही. तसा निदानाचा अधिकार आम्हांस नाही आणि बाळ गमावल्याचे दुःख ही वेगळीच गोष्ट आहे. आमचे लक्ष गोपाळरावांकडे आहे. अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात आनंदीबाईंनी जुना हिशेब मांडला आहे: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, आणि चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी. चौदाव्या वर्षी! बाळ आले आणि गेले ते दिवस यापासून दूरचे नाहीत. पत्नीच्या शिक्षणासाठी साऱ्या समाजाशी वैर पत्करणारा, तिला सातासमुद्रापार पाठविणारा हा पुरुष तिच्या मनाच्या खोलीचा उंबरा ओलांडू शकला होता का? गोपाळरावांना खलपुरुष ठरविण्याची अलीकडे टूम आहे. आम्हांस ती पटत नाही. बायकोला घडविणे आणि बायकोला ऐकणे ही दोन कामे आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकाला पहिलेच ठाऊक होते, एवढेच आम्ही म्हणतो.

आनंदीबाई १८८३ ते १८८६ फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात होत्या. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता. म्हणजे दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या बाईने पदवीसाठी पुन्हा त्याच खोलीत प्रवेश केला. त्याच शहरात त्या काळी सायलस वेअर मिचेल हे मज्जाविकारांचे नामांकित डॉक्टर होते. स्त्रियांच्या ‘नसांच्या दुबळेपणा’वर त्यांचा विश्रांतीचा उपचार गाजत होता: अंथरुणावर पडून राहा, भरपूर खा, वाचू नका, लिहू नका. १८८७ साली त्यांच्याकडे शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका आली. दोन वर्षांपूर्वी, मार्च १८८५ मध्ये, तिला मुलगी झाली होती आणि तेव्हापासून ती खचत गेली होती. मिचेल यांनी तिला घरी धाडताना बजावले की मूल सतत जवळ ठेव, बुद्धीचे काम दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि लेखणी जन्मात हाती धरू नकोस. या अनुभवातून १८९२ मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा आली. इंग्रजीच्या वर्गात ती शिकवतात. मराठीच्या वर्गातही शिकवावी.

त्या कथेतला नवरा जॉन स्वतः डॉक्टर आहे, प्रेमळ आहे, बायकोला जपणारा आहे. तो तिला वारंवार सांगतो की तुला काही झालेले नाही. हा मारणारा नवरा नाही आणि टाकणारा नाही. त्याला खात्री आहे, हाच त्याचा दोष. आपल्या खोलीशी ही खोली ताडून पाहावी. इकडे बाईभोवती बायका होत्या आणि नवरा बाहेर. तिकडे नवरा आत आणि बाई एकटी. नवऱ्याला आत आणले म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी जॉन विसरू नये, असे आमच्यातल्या स्त्रीचे म्हणणे आहे.

वैद्यकाने या दुखण्याची स्वतंत्र दखल फार पूर्वी घेतली होती. फ्रान्समध्ये लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ सालीच गर्भिणी व बाळंतिणींच्या मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. परंतु साधी, दवाखान्यात दहा मिनिटांत वापरता येईल अशी प्रश्नावली यायला १९८७ उजाडावे लागले. एडिंबरो येथे तयार झालेली ती दहा प्रश्नांची मापनपट्टी आज जगभर वापरतात. आपल्या सर्वांत जवळचा मोठा अभ्यास गोव्यातला. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या २५२ मातांपैकी ५९, म्हणजे शेकडा २३, नैराश्याने ग्रस्त आढळल्या. पुढे २०१७ मध्ये भारतातील ३८ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडाही शेकडा २२ असाच आला. गोव्याच्या अभ्यासातल्या कारणांची यादी वाचताना आम्ही थबकलो. गरिबी आहे, मुलगा हवा असता मुलगी होणे आहे, आणि नवऱ्याशी बिनसलेले संबंध व त्याची मारहाण आहे. ज्या माणसाला आपण इतका वेळ उंबऱ्याबाहेर शोधीत होतो तो दुखण्याच्या कारणांत आधीपासून हजर होता. २००३ मध्ये याच गटातील संशोधकांनी मातांशी सविस्तर बोलून आणखी एक निबंध लिहिला. त्या बायकांनी आपली अवस्था नेमकी सांगितली, पण तिला आजार म्हटले नाही. पैशांची ओढाताण, घरातले ताण, नवरा, अशीच तिची कारणे दिली. स्वतः बाईच जिला आजार म्हणत नाही तिला नवऱ्याने आजार म्हणावे ही अपेक्षा वाटते तितकी सोपी नाही.

आता त्या गप्प बसण्याविषयी.

आमच्यापैकी जो पुरुष आहे त्याची पत्नी सोळा वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणानंतर माहेराहून लोणावळ्यास परतली. ती बोलेनाशी झाली होती. बाळाला पाजी, न्हाऊ घाली, पण त्याच्याकडे पाहत नसे. संध्याकाळ झाली की दाराशी उभी राही. याने त्याचा अर्थ असा लावला की तिचे आणि आईचे काही बिनसले आहे. मग त्याने मध्यस्थी केली, रागावला, सासऱ्यांना फोन केला. ‘जरा फिरून येत जा, पुस्तकं वाच’ असा उपदेशही केला. त्या सत्रात तो वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होता, आणि संसाराची कसलीही अडचण असली तरी टिळकांचे पाय घरात कसे ठरत नसत यावर मुले हसत तेव्हा तोही हसत असे. मोठ्या दवाखान्यात बाळाचे लसीकरण झाले, वजन झाले, आईला कुणी काही विचारले नाही, आणि यालाही ते विचारावयास हवे होते असे वाटले नाही. कालांतराने ती सावरली. कशी, हे त्याला ठाऊक नाही. बऱ्याच वर्षांनी तिने सांगितले की त्या रात्री ती गाड्या मोजीत असे. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिने लोणावळ्यास सुटतात. तो आवाज आला की एक गाडी. मोजणे चुकले की उठून रुळांकडे जावेसे वाटे, म्हणून ती चुकू देत नसे.

या लेखाच्या पहिल्या मसुद्यात त्याने ‘दीड-दोन महिने हे चालले’ असे लिहिले होते. मसुदा तिने वाचला आणि समासात ‘सात’ असे लिहून परत दिला.

आज मावळात बाळंतपणे बहुतांशी दवाखान्यात होतात. नवरा आता प्रसूतिगृहाच्या दाराशी असतो, संमतिपत्रावर सही करतो, रक्ताच्या बाटलीसाठी धावतो. दार मात्र अजून आहे. सव्वा महिन्याची जागा ‘आशा’ ताईच्या बेचाळीस दिवसांतल्या घरभेटींनी घेतली आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभ्या केलेल्या नवजात बालसेवेच्या प्रयोगातून ही पद्धत आली आणि २०११ पासून देशभर लागू झाली. तिने असंख्य बाळे वाचविली यात शंका नाही. पण तिचा काटा आणि तिचा तापमापक बाळासाठी आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक चांगले कलम आहे: मनोरुग्णालयात दाखल झालेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडू नये. मिचेलच्या काळापासून कायदा इतका तरी पुढे आला आहे. केंद्र सरकारी नवऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजाही मिळते. नैराश्य सहसा त्या पंधरा दिवसांनंतर दिसू लागते, ही गोष्ट वेगळी.

आम्ही वहीच्या सूचनांत त्या वर्षापासून एक ओळ वाढविली. बाळंतपणाची ओवी सांगणाऱ्या बाईला, ओवी संपल्यावर, ‘तेव्हा घरधनी कुठं होते?’ असे विचारावे आणि उत्तर ओवीखाली लिहावे. उत्तरे बहुधा एका शब्दाची येतात: ‘मुंबईला’, ‘रानात’, ‘भाईर’. पवन मावळातल्या त्या मुलीने नंतर आपल्या आजीला हा प्रश्न विचारला. आजोबा डबेवाले होते. आजी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘त्यांना काय ठावं? म्या तरी कुठं सांगितलं?’ आणि पुढची ओवी म्हणू लागली. मुलीने तेही उत्तर वहीत लिहिले आहे, पेन्सिलीने.